जिताडा म्हणून पंगस

माझे सासरे पेणकडचे, खाडीकाठच्या खारेपाटातले. ते नागपूरला येणार म्हणून बायकोनं ठरवलं, बाबांना त्यांच्याकडचा जिताडा मासाच खाऊ घालायचा. इथे रोहू-कतला पाहिजे तेवढा. जिताडा मला तरी इथल्या ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारात कधी दिसला नव्हता. तेवढ्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली: ‘मुंबईहून ताजा जिताडा, बोनलेस, ९५० रुपये किलो.’ सोबत हातभर लांब, रुपेरी माशाचा फोटो. दोन किलोचे १,९०० रुपये मी आधीच यूपीआयनं पाठवले. अख्खा मासा मागितला तर म्हणाला, “साफ करायची कटकट काहून घेता भाऊ?” तिथंच मी थांबायला हवं होतं.

थर्माकोलच्या डब्यात बर्फावर फिकट गुलाबी लांबट तुकडे आले. सासऱ्यांनी एक उचलला, उलटा केला.

“जावईबापू, याचं कातडं कुठाय?”

जिताड्याला चांगले मोठे खवले, डोक्यावर खोलगट उतार, शेपटी गोल. डब्यात आला होता तो पंगस, स्वस्तातला मासा. त्याला खवलेच नसतात, म्हणून जिताडा सांगून विकणारे कातडी सोलूनच देतात. मग ओळखणार कशावरून? तव्यावर टाकताच पाणी सुटलं. जिताड्याच्या जाड पाकळ्या सुटतात, हा नुसता मऊ लगदा. सासरे वरण-भातच जेवले. जेवताना सांगत होते, त्यांच्याकडे पावसाळ्यात खाडीतली पिल्लं आणून घराजवळच्या तळ्यात सोडतात; खाऱ्या पाण्यात जन्मलेला हा मासा गोड्यातही वाढतो, आधी नर असतो, मोठेपणी मादी होतो. काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा पोचवायची तिकडे जुनी रीत. “असा पोचवला असता तर फाईल कायमची अडली असती,” म्हणाले.

पंगस वाईट मासा नाही. मला तो दीड-दोनशेत मिळतो; तोच साडेनऊशेला गळ्यात मारला, राग त्याचाच आहे.

विक्रेत्याला फोन केला. “तळ्यातला आहे, म्हणून मऊ लागतो सर.” फोटो पाठवले, तर नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची नोंद जपून ठेवली होती, म्हणून जमलं.

परवा मित्राच्या ग्रुपवर तोच नंबर दिसला. या वेळी ‘ताजा रावस, बोनलेस’. रावसाच्या गळ्याखाली दोन्ही बाजूंना मिशांसारखे चार-चार सुटे धागे असतात. घ्यायचाच असेल तर डोक्यासकट मागा आणि धागे मोजा.