मलावीतल्या त्या कुटुंबाला मी चौदा महिने पैसे पाठवत होते

मी नेरूळला राहते, शाळेत शिक्षिका होते, २०२२ ला रिटायर झाले. हे लिहायचं की नाही यातच चार महिने गेले कारण घरच्यांनाही पूर्ण आकडा माहीत नव्हता, पण मागच्या आठवड्यात आमच्याच बिल्डिंगमधल्या एका वहिनींनी मला त्यांच्या फोनवर एक फोटो दाखवला. एक आई, कडेवर बाळ, बाजूला दोन मुलं, मागे मातीची भिंत. म्हणाल्या, बघा ना ताई, हे आमचं आफ्रिकेतलं कुटुंब, मलावी म्हणून देश आहे. तोच फोटो. चौदा महिने माझ्या फोनमध्ये होता तो. म्हणून आता सगळं लिहितेय, आकड्यासकट. बासष्ट हजार दोनशे रुपये गेले माझे.

जुलै २०२३ मध्ये वाशीला एका मॉलबाहेर एक मुलगा आणि एक मुलगी उभे होते, गळ्यात एका संस्थेचं आयकार्ड, हातात टॅब. "काकू, दोनच मिनिटं, पैसे नका देऊ, फक्त ऐका." मराठी स्वच्छ, बोलणं अदबीचं. त्यांनी फ्रेडी चक्रीवादळाचं सांगितलं, त्याच वर्षी मार्चमध्ये मलावीत आलं होतं, ब्लँटायर शहराजवळ चिलोब्वे म्हणून वस्ती आहे तिथे डोंगरच घरांवर आला. वर कॉलराची साथ आदल्या वर्षापासून चालूच. घरी येऊन मी बातम्या शोधल्या तर सगळं खरं निघालं. वादळात मेलेली आणि न सापडलेली धरून हजारावर माणसं, आणि त्या कॉलऱ्याने पुढे सतराशेच्या वर जीव घेतले, त्या देशातली आजवरची सगळ्यात मोठी साथ. आणि इथेच मी फसले. संकट खरं आहे एवढं मी तपासलं आणि मला वाटलं मी सगळं तपासलं. संकटाचं नाव घेऊन पैसे मागणारा कोण आहे, ही वेगळी चौकशी असते हे डोक्यातच आलं नाही.

लोक विचारतात, मुंबईत काय गरीब कमी आहेत का, एवढ्या लांब कशाला पाठवायचे? माझं माहेर माण तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई आणि वडील दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि घरात मिलोच्या भाकरी व्हायच्या, ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. भाकरी धड थापली जायची नाही, चव तर विचारूच नका, पण पोट भरायचं. शाळेत सुकडी मिळायची, कागदावर घेऊन खायची. त्या ज्वारीचं पोतं ज्यांनी भरलं त्यांनी माण कधी बघितलं असेल? माझ्या मनात ते देणं कायम होतं, आणि पेन्शन सुरू झाल्यावर ते थोडं तरी फेडावं असं वाटत होतं. मॉलबाहेरच्या त्या मुलीला मी हे सगळं तिथेच उभं राहून सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला. आता वाटतं की तिने ते लिहून घेतलं असणार, कारण पहिल्याच पत्रात दुष्काळाचा उल्लेख होता.

महिन्याला अठराशे रुपये, एक कुटुंब तुमचं. यूपीआयचं ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप जातात ते, त्यांनी टॅबवरचा कोड स्कॅन करून माझ्याच फोनमध्ये लावून दिलं, पिन मी टाकला. स्क्रीनवर संस्थेचं नाव येण्याऐवजी कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं नाव आलं. मी विचारलंसुद्धा. तो मुलगा म्हणाला काकू ते आमचं अकाउंट्सचं काम बघतात, परदेशी प्रोजेक्टचं खातं वेगळं असतं. मी मान डोलावली. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं जमलं असतं तर: दान ट्रस्टला देताय तर खात्यावर त्या ट्रस्टचंच नाव पाहिजे, दुसरं नाव दिसलं की तिथेच थांबायचं, त्यांची कारणं ऐकत बसायचं नाही.

मग पत्रं यायला लागली व्हॉट्सअ‍ॅपवर. इंग्रजी हाताने लिहिलेलं, खाली संस्थेच्या कोऑर्डिनेटर मॅडमनी केलेलं मराठी. दर महिन्याला एक. मोठा मुलगा तिसरीत गेला, बाळाला दात आले, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो. मी ती पत्रं वाचून दाखवायचे सगळ्यांना, नातवालासुद्धा. ऑक्टोबरमध्ये फोन आला की वादळात उडालेलं छप्पर अजून तसंच आहे, पत्रे घालायला पंधरा हजार लागतील, पावसाच्या आत व्हायला हवं. पाठवले. डिसेंबरात रात्री साडेनऊला फोन, मधल्या मुलाला कॉलरा झालाय, सलाइन लावायचंय, बावीस हजार, आत्ता लगेच. मी माझ्या खात्यात बघितलं, तेवढे होते, पाठवले, आणि रात्रभर झोपले नाही त्या पोराच्या काळजीने. चार दिवसांनी मेसेज आला, मुलगा वाचला, तुमच्यामुळे. मी देवापुढे साखर ठेवली. पैसे गेल्यापेक्षा ती रात्र मला जास्त लागते अजून.

सावध करणारं माणूस घरातच होतं. माझी भाची सीए आहे, माझं रिटर्न तीच भरते. जुलै २०२४ मध्ये तिने विचारलं, मावशी, ८०जी ची, म्हणजे दानावर टॅक्समध्ये वजावट मिळते त्याची, पावती आहे पण फॉर्म १०बीई कुठे आहे? ट्रस्टने कोणाकडून किती घेतले ते इन्कम टॅक्सला कळवायचं असतं आणि मग त्यातून आपल्या नावाचं हे सर्टिफिकेट निघतं, २०२१-२२ पासून ते लागतंच, नुसत्या छापील पावतीला अर्थ नाही, असं ती म्हणाली. मी कोऑर्डिनेटरला विचारलं तर म्हणाल्या परदेशी प्रोजेक्टला ते येत नाही, दुसरं सर्टिफिकेट देतो. भाचीने वजावट घेतलीच नाही आणि म्हणाली की बाहेरच्या देशात काम करणाऱ्या ट्रस्टला तर उलट टॅक्सवाल्यांची जास्त परवानगी काढावी लागते, तू जरा चौकशी कर. मला राग आला तिचा. मी म्हणाले तुम्हा लोकांना सगळीकडे कागदच दिसतात. तिची मी नंतर माफी मागितली.

उलगडा झाला गणपतीत. समोरच्यांचे जावई सहा वर्षं लिलाँग्वेला आहेत, मलावीची राजधानी, एका ट्रेडिंग कंपनीत. आरतीला आले होते. मी इतक्या आनंदाने त्यांना म्हटलं की अहो तुमच्या देशात माझं एक कुटुंब आहे, आणि पत्रं दाखवली. त्यांनी पहिलं पत्र वाचलं, दुसरं वाचलं, मग चेहराच बदलला. म्हणाले काकू, हे मलावीतल्या माणसाने लिहिलेलं नाही.

पत्राच्या शेवटी "असांते साना" असायचं, म्हणजे खूप आभार. ते म्हणाले ही स्वाहिली आहे, केनिया, टांझानियाकडची. मलावीत चिचेवा बोलतात, तिथली बाई "झिकोमो" म्हणेल, दिवसातून पन्नास वेळा ऐकतो मी. पत्रात लिहिलं होतं आम्ही उगाली खातो, तर मक्याच्या पिठाचं ते घट्ट शिजवलेलं अन्न मलावीत "न्सिमा" असतं, उगाली केनियात म्हणतात. फी पाच हजार शिलिंग लिहिली होती, मलावीचं चलन क्वाचा. आणि सगळ्यात मला ज्याने गप्प केलं ते म्हणजे नोव्हेंबरचं पत्र. त्यात होतं, यंदा मका चांगला आला, कापणी झाली, घर भरलं. मला वाचून किती बरं वाटलं होतं, कारण आपल्याकडे दिवाळीच्या आसपास सुगी आटोपलेली असते. पण मलावी विषुववृत्ताच्या खाली आहे, तिथे नोव्हेंबरात पहिला पाऊस पडतो आणि पेरणी होते, मका निघतो एप्रिल-मेमध्ये. डिसेंबर ते मार्च हे त्यांचे उपासमारीचे महिने, आपल्या कणगीसारखी धान्य साठवायची त्यांची "न्खोक्वे" असते ती तेव्हा रिकामी झालेली असते. शेतकऱ्याच्या घरची बाई असून माझ्या मनात साधा प्रश्न आला नाही की तिकडचा हंगाम कधी असतो. पत्र लिहिणारा इथलाच होता, त्याने इथली सुगी तिकडे लावली.

फोटो त्यांनी तिथेच गूगल लेन्समध्ये टाकला. आठ वर्षांपूर्वीच्या एका बातमीत होता, देशही वेगळा. म्हणजे ती आई कुठेतरी आहे, पोरं आता मोठी झाली असतील, आणि तिला माहीतही नाही की तिच्या चेहऱ्यावर इथे कोणीतरी हप्ते गोळा करतंय.

दुसऱ्या दिवशी लोकलने ठाण्याला गेले, पावतीवर घोडबंदर रोडचा पत्ता होता. तिथे मुलांचे क्लासेस निघाले. क्लासचे सर म्हणाले अजून दोन-तीन जण विचारत आले होते. धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक ट्रस्टची नोंद असते, १९५० चा कायदा आहे तो, भाचीने पावतीवरचा नंबर शोधायला लावला तर त्या नंबरवर दुसऱ्याच जिल्ह्यातलं एक देवस्थान होतं. कोऑर्डिनेटर मॅडमना मी फोन केला, फक्त एवढंच विचारलं की तुमच्या त्या बाईला चिचेवा येतं का. फोन कट झाला आणि संध्याकाळपर्यंत मी ब्लॉक.

ऑटोपे आधी बंद केलं, ते आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्येच होतं, कोणाला विचारावं लागत नाही. मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला आणि सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, लागतो, पासबुक घेऊन बसावं लागलं. १९३० चा खरा उपयोग पैसे गेल्यावर काही तासांत होतो, तेव्हा पैसे समोरच्या खात्यात असतील तर बँकेला अडवता येतात. माझे पैसे केव्हाच पुढे गेलेले. परत काही मिळालेलं नाही. आणि तक्रारीनंतर तीन आठवड्यांनी एकाचा फोन, सायबर डिपार्टमेंटमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, रिफंडसाठी चार हजार नऊशे नव्व्याण्णव फाइल चार्ज भरा. हे दुसरं जाळं असतं, एकदा फसलेल्यांची यादी विकली जाते की काय माहीत नाही पण फोन नक्की येतो. मी त्याचा नंबरही तक्रारीत जोडला.

या चार महिन्यांत मी बरंच वाचलं, भाचीने समजावलं. खऱ्या मोठ्या संस्थांमध्ये मूल "दत्तक" घेतलं, म्हणजे त्याच्या नावाने दर महिन्याला पैसे देत राहिलं, तरी बहुतेक वेळा पैसे त्या एकाच घरी जात नाहीत, त्या गावाच्या शाळेला, पाण्याला, दवाखान्याला जातात आणि तसं त्या संस्था स्पष्ट लिहितात. तुमच्या कुटुंबाला आज रात्री सलाइन लावायचंय असा फोन त्यांच्याकडून येत नाही. थेट कुटुंबाच्या हातात रोख देणारेही आहेत, गिव्हडायरेक्टली ही संस्था मलावीत हे काम करते, मोबाइलवर पैसे पाठवते. म्हणजे मला जे करायचं होतं ते जगात खरंच होतं. मोठी नावं म्हणजे डोळे मिटून बसावं असंही नाही, १९९८ मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या पत्रकारांनी अशाच योजनांमध्ये मुलं दत्तक घेऊन बघितली तर मालीतली एक मुलगी वारलेली होती आणि तिच्या नावाने पैसे घेतले जातच होते. ते वाचून मी बराच वेळ बसून राहिले.

वहिनींना मी हे सगळं त्यांच्या स्वयंपाकघरात सांगितलं. त्या आधी मानेनात, म्हणाल्या ताई तुमचं वेगळं असेल. मग मी माझ्या फोनवरचा फोटो त्यांच्या फोनशेजारी ठेवला. त्यांचे अकरा हप्ते गेलेत. ऑटोपे तिथेच बसून बंद केलं, पावत्यांचे फोटो काढले, सोमवारी आम्ही दोघी एकत्र जाऊन तक्रार देणार आहोत. कोणाकडे निळ्या हाताच्या चिन्हाची, घोडबंदरच्या पत्त्याची पावती असेल तर फेकू नका, फोनमधली पत्रं डिलीट करू नका, तुमच्या भागाच्या सायबर पोलिसांकडे द्या.

हे लिहितेय तेव्हा जानेवारी २०२५ आहे. मागच्या वर्षी मलावीत पावसानेच दगा दिला, मार्चमध्ये अठ्ठावीसपैकी तेवीस जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली होती, म्हणजे न्खोक्वे यंदा नेहमीपेक्षा लवकर रिकाम्या झाल्या असतील आणि नवा मका अजून शेतात उभा आहे. परदेशात दान पाठवायला बँकेत ए२ फॉर्म लागतो, पॅन लागतं, कशासाठी पाठवताय ते लिहून द्यावं लागतं. भाचीबरोबर बसून मी तो भरलाय, अठराशेचाच.