पीआर कार्ड हाती नाही आणि भारतात जायचंय: पीआरटीडी की अमेरिकेची सीमा?

एका मित्राला कॅनडाचं पीआर (कायम राहण्याची परवानगी) मिळालं, पण कार्ड अजून टपालात. तेवढ्यात नाशिकहून आईच्या ऑपरेशनचा फोन. त्याला पडलेला प्रश्न एवढाच: परत कसं यायचं? कार्ड किंवा पीआरटीडी (कार्डाऐवजी पीआरधारकाला मिळणारा प्रवासाचा कागद) नसेल तर कॅनडाला जाणाऱ्या विमानात बसू देत नाहीत.

पीआरटीडीचा अर्ज कॅनडाबाहेर गेल्यावरच करता येतो. फी ५० कॅनेडियन डॉलर, म्हणजे खर्च किरकोळ. खरी किंमत वेळेची: पासपोर्ट जमा करावा लागतो आणि तो कधी परत येईल याची हमी नाही. शिवाय पीआरटीडी बहुतेक वेळा एकाच प्रवेशासाठी मिळतो.

दुसरी वाट अमेरिकेत सीमेजवळच्या बफेलोला उतरून, ओळखीच्या कुणाच्या खासगी गाडीनं पीस ब्रिज हा सीमेवरचा पूल ओलांडून कॅनडातल्या फोर्ट एरीत शिरायची. पीआरची कागदपत्रं आणि पासपोर्ट दाखवायचा. बस किंवा रेल्वे चालत नाही, तिथे पुन्हा कार्ड किंवा पीआरटीडीच मागतात. वाट पाहणं नाही, पण भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा हवाच, आणि तिकीट महाग पडू शकतं. लहान मुलं सोबत असतील तर ही दगदग मी सुचवणार नाही.

अमेरिकेचा व्हिसा आहे, रजा मोजकी आहे आणि सीमेवर न्यायला माणूस आहे, त्यानं गाडीची वाट धरावी. व्हिसा नसेल, तर परतीची तारीख बदलता येईल असं तिकीट काढून, भारतात उतरताच पीआरटीडीचा अर्ज टाकावा.