गूगल स्कॉलरची प्रोफाईल : गाईड शोधणाऱ्यांनी नक्की काय पाहायचं

नागपुरात सध्या पीएचडीचा गाईड शोधणारे सगळे पहिले एकच काम करून राहिले, सरांचं नाव गूगल स्कॉलर या संशोधनाचे पेपर शोधायच्या साईटवर टाकायचं, एच-इंडेक्स नावाचा आकडा (तो काय ते खाली सांगतो) पाहायचा आन् तिथंच फैसला. माझं काम कीटकनाशकांवर आहे, म्हणजे अर्धं फार्माकॉलॉजी (औषधांचं शास्त्र) अर्धं एंटोमॉलॉजी (कीटकांचं शास्त्र), त्यामुळे दोन्हीकडच्या प्रोफाईली रोज उघडतो. चांगल्या चांगल्या एंटोमॉलॉजीच्या सरांना पोरं फक्त आकडा कमी म्हणून सोडून देतात ना, ते पाहून खरंच जीव जळतो, म्हणून हा रिव्ह्यू.

चांगलं आधी सांगतो. गूगल स्कॉलर 2004 पासून चालू आहे आणि एक पैसा लागत नाही, प्रोफाईलची सोय 2011 मध्ये आली. नाव उघडलं की सगळे पेपर एकाखाली एक, बाजूला दरवर्षीच्या सायटेशनचे खांब, म्हणजे दुसऱ्या पेपरांत त्यांचा संदर्भ किती वेळा दिला गेला ते. यादी आधी सायटेशननुसार लागलेली असते, म्हणजे पंधरा वर्षं जुना गाजलेला पेपर वर दिसतो, ती वर्षानुसार लावून घ्या, मग सर सध्या कशावर काम करताहेत ते कळतं. पेपरसमोरच्या सायटेशनच्या आकड्यावर क्लिक केलं की तो पेपर कोणी कोणी वापरला त्याची यादी उघडते, माझ्या मते या साईटची सगळ्यात भारी गोष्ट हीच. तुम्ही ज्या रेणूवर काम करणार त्यावर पुढं जगात कोण काय करतंय ते अर्ध्या तासात समजतं. फॉलो करून ठेवलं की नवा पेपर आल्यावर मेलही येतो.

आता एच-इंडेक्स. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवलेला आकडा आहे. एच-इंडेक्स 20 म्हणजे असे 20 पेपर ज्यांना प्रत्येकी निदान 20 सायटेशन आहेत. प्रोफाईलवर दिसणारा दुसरा आकडा आय-10, म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर किती, बस. वेगवेगळ्या विषयांतले आकडे असे समोरासमोर ठेवता येत नाहीत हे हर्शनेच त्या पेपरात लिहिलंय, ते मात्र कोणी वाचत नाही. फार्माकॉलॉजीत माणसं जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपरमागे संदर्भांची यादी लांबलचक, आन् रिव्ह्यू पेपर (आधीच्या संशोधनाचा आढावा) लिहिला की सायटेशन धो धो येतात. एंटोमॉलॉजीत एखाद्या किडीवर काम करणारे जगात मोजकेच, ते सायटेशन आणतील कुठून? किडी ओळखून नावं देणाऱ्यांचं तर त्याहून वाईट. गुलाबी बोंडअळीच्या शास्त्रीय नावामागे ते नाव देणाऱ्या साँडर्सचं नाव आजही लागतं, पण त्याचा मूळ पेपर संदर्भयादीत क्वचितच दिसतो.

आणि हे दोन विषय वेगळे तरी कुठं आहेत. डीडीटी किडे मारतं हे शोधल्याबद्दल पॉल म्यूलरला 1948 चं नोबेल मिळालं ते वैद्यकशास्त्राचं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अळीच्या शरीरात जे एन्झाइम बंद पाडतं तेच माणसाच्या शरीरातही बंद पाडतं, म्हणून तर विषबाधेत उतारा म्हणून अॅट्रोपिन द्यावं लागतं. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणी करता करता वीसहून जास्त लोकं गेली, ते आपल्याकडं कोणी विसरलं नाही. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणचा सल्ला शेतकऱ्यापर्यंत कसा जातो? तर कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तरच फवारा. या एका ओळीने किती फवारण्या वाचतात, किती माणसं विषापासून लांब राहतात, पण मराठीतल्या घडीपत्रिकेतली ओळ कोणी सायट करत नाही, प्रोफाईलवर ती शून्यच.

स्कॉलरमध्ये उणिवाही आहेत. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वेगळी काढायची सोय नाही, ती स्कोपस या पेपर-सायटेशनच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आहे, पण ते संस्थेने विकत घेतलं असेल तरच पूर्ण वापरता येतं. स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापायच्या आधीच टाकलेले पेपर) सगळंच मोजतं, म्हणून इथला आकडा स्कोपसपेक्षा सहसा फुगलेला असतो. पबमेड हा वैद्यकीय पेपरांचा डेटाबेस फुकट आहे आन् फार्माकॉलॉजीला मस्त, पण शेतीच्या किडींवरची बरीच भारतीय जर्नल्स त्यात नाहीत. शिवाय देशमुख, पाटील अशा आडनावांचा घोळ होतोच, आद्याक्षर सारखं असलं की दुसऱ्याचे पेपर आपोआप प्रोफाईलला चिकटतात, आणि काढायचं काम प्रोफाईलवाल्याचंच. हृदयरोगाच्या पेपरांमध्ये मध्येच मावा-तुडतुडे दिसले तर आधी लेखकाची संस्था तपासा.

पेपर शोधायला पाचपैकी पाच स्टार. एकाच विषयातली एकाच वयाची दोन माणसं तोलायला तीन. फार्माकॉलॉजीवाले सर आन् एंटोमॉलॉजीवाले सर यांच्यातून गाईड निवडायला एक, तोही त्या खांबांसाठी. निवडायचंच असेल तर सरांचे शेवटचे दोन पेपर पूर्ण वाचा, त्यांच्या विद्यार्थ्यांचे थिसिस शोधगंगा या भारतीय थिसिसच्या साईटवर फुकट आहेत ते उघडा, आन् जमलं तर त्यांच्या लॅबमधल्या पोरांसोबत चहा घ्या. आपल्या सरांनाही विनंती, प्रोफाईल असेल तर ऑटो-अपडेट बंद करून दुसऱ्याचे पेपर तेवढे काढून टाका, पोरं त्यावरूनच ठरवून राहिली.