ऑफिसचा पीसी घरून वापरताना: आठ महिन्यांचा अनुभव

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आठवड्यातले तीन दिवस मी तळेगावहून काम करते. ऑफिस पुण्यात, आणि टॅली, जीएसटीच्या फायली सगळं तिथल्या विंडोज ११ प्रो पीसीवर. आधी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडायचं, मग रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ऑफिसच्या पीसीची स्क्रीन घरच्या कॉम्प्युटरवर. आता सुरळीत चाललंय, पण पहिला महिना लॉगिनच्या परवानगीने जीव नकोसा केला होता. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

पहिल्याच दिवशी पासवर्ड बरोबर टाकूनही मेसेज आला की या यूजर अकाउंटला रिमोट लॉगिनची परवानगी नाही. हा मेसेज नीट वाचा. पीसीपर्यंत पोचलो तरच तो दिसतो, त्यामुळे फायरवॉल आणि ३३८९ पोर्टच्या (रिमोट डेस्कटॉपची जोडणी ज्यातून होते त्या) मागे लागण्यात अर्थ नसतो. आमच्याकडे दोन दिवस राउटरच तपासत बसले होते.

मग आयटीतल्या मुलाने पीसीवरच्या ‘रिमोट डेस्कटॉप यूजर्स’ ग्रुपमध्ये माझं नाव टाकलं. लगेच चालू! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच मेसेज. ग्रुप उघडून पाहिला तर नाव गायब. पुन्हा टाकलं, पुन्हा उडालं, असं चारदा झालं. एकदा तर नेमकं २० तारखेला, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं असताना. आईला शेजारच्या काकूंच्या भरवशावर सोडून ऑफिस गाठलं. लोकलमध्ये डोळे भरून आले होते.

शेवटी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून जीपीरिझल्टचा (पीसीवर कोणत्या पॉलिसी लागू आहेत ते दाखवणाऱ्या कमांडचा) रिपोर्ट काढला, तेव्हा उलगडा झाला. आमचे पीसी डोमेनला, म्हणजे एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेले. त्या ग्रुपमध्ये कोण असावं हे सर्व्हरवरची ग्रुप पॉलिसी (सगळ्या पीसींना एकत्र लागू होणारे नियम) ठरवत होती, ‘रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स’ या सेटिंगने. तिच्या यादीत नसलेलं नाव ती काढून टाकते. पॉलिसी साधारण दर ९० मिनिटांनी तपासली जाते, आणि सिक्युरिटीचा भाग काही बदल नसला तरी दर १६ तासांनी पुन्हा लागू होतो. संध्याकाळी टाकलेलं नाव सकाळी का जायचं, ते तेव्हा कळलं. सर्व्हरवर वेगळा ग्रुप करून तो पॉलिसीच्या यादीत घातला, मला त्यात टाकलं. तेव्हापासून एकदाही अडलेलं नाही.

मधल्या काळात ‘सरळ ॲडमिन करून टाकू’ असंही सुचवलं गेलं. ॲडमिनला रिमोट लॉगिन मिळतं हे खरं, पण मी ठाम नाही म्हटलं. हिशोबाच्या मशीनवर एवढे अधिकार कशाला?

एका सहकाऱ्याचं नाव ग्रुपमध्ये असूनही त्याला प्रवेश मिळेना. तो ‘डिनाय लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’च्या, म्हणजे रिमोट लॉगिनला मनाई असलेल्यांच्या, यादीतल्या एका ग्रुपमध्ये होता. परवानगी आणि मनाई दोन्ही असल्या की मनाईच चालते. लोकल सिक्युरिटी पॉलिसीत, यूजर राइट्स असाइनमेंटखाली ही यादी दिसते.

बाकी रोजचा अनुभव चांगला आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही टॅली व्यवस्थित चालतं. ऑफिसच्या पीसीवर स्लीप बंद ठेवा, झोपलेला पीसी घरून उठत नाही. पिन चालत नाही, पासवर्डच लागतो. शिवाय एका वेळी एकच माणूस: मी घरून लॉगिन असताना माझ्या टेबलावर कुणी माझ्याच अकाउंटने लॉगिन केलं की माझी स्क्रीन बंद होते. म्हणून मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवून ठेवलीय, ‘घरून काम चालू आहे, हात लावू नये’.