मारुती ८०० चं कॉम्प्रेशन वाढवाचं असन तर हे बोअरिंगवालं दुकान

चांदूर बाजारकडून परतवाड्याले जातानी रोडले लागूनच हे बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठं करणं) अन् हेड फेसिंगचं (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्याचं खालचं तोंड घासणं) दुकान हाये, पाटी-बिटी काही नाही, बाहेर ट्रॅक्टरचे ब्लॉक उलटे पडलेले दिसले की समजाचं हेच. गिऱ्हाईक जास्त ट्रॅक्टरचंच. माही कार्बोरेटरवाली ८०० उघडली तव्हा हेड अन् ब्लॉक इथंच टाकला.

आधी शहरात एका ठिकाणी विचारलं तर तो म्हणे हेडचा दीड एमएम उडवून देतो, गाडी विमान होते! मोजमाप काहीच नाही. इथं काकानं पहिले मलेच विचारलं, "तुले कॉम्प्रेशन वाढवाचं हाये का गेलेलं वापस पाह्यजे?" कारण रिंगा घासल्या, व्हॉल्व्ह नीट बसत नसले की गेजवर प्रेशर पडलेलंच दिसते, ते रिंगा बदलून अन् व्हॉल्व्ह लॅप करून (जाग्यावर घासून नीट बसवून) वापस येते. रेशो, म्हणजे पिस्टन आतला हवा-पेट्रोल किती पट दाबते ते, वाढवणं वेगळं काम.

मंग हेडमधल्या चेंबरात (पेट्रोल पेटते ती जागा) किती सीसी मावते ते मोजाले त्यानं हेड उलटं ठेवलं, प्लग कसले, चेंबरच्या काठाले ग्रीस लावून वरतून भोक पाडलेली काच दाबली अन् सिरिंजनं डिझेल सोडत गेला, बुडबुडा राहिला की परत पहिल्यापासून, असे तिन्ही चेंबर. वहीतला हिशोब असा: बोअर ६८.५, स्ट्रोक ७२, म्हणजे एका सिलिंडरले २६५ सीसी, कंपनीचा रेशो ८.७, म्हणजे गॅसकेट-बिसकेट धरून पिस्टनच्या वरची जागा साडेचौतीस सीसीच्या आसपास. अर्धा एमएम ओव्हरसाइज पिस्टन टाकला की तेवढ्यानंच रेशो ८.८ च्या घरात जाते, त्याच्यावर अर्धा एमएम फेसिंग, म्हणजे अजून दीडेक सीसी गेले, रेशो ९.२ च्या आत.

याच्यावर जाचं नाही म्हणे. मे महिन्यात ४५ डिग्री, गाडीत पाच जण अन् चिखलदऱ्याचा घाट, तिथंच नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून इंजिनात ठकठक) मारते, मंग डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीचं टायमिंग मागं घ्या, अन् वाढवलेलं कॉम्प्रेशन गेलं चुलीत. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) भेटते, त्याचं ऑक्टेन (नॉकिंग रोखाची ताकद) ९५ च्या आसपास, साध्या पेट्रोलचं ९१ होतं, तेवढी सूट हाये. (जुने रबरी पाइप मात्र बदलून घ्या बरं.)

हेड जास्त उडवलं की टायमिंग बेल्टचंबी गणित बिघडते, कॅम मागं पडते. व्हॉल्व्ह पिस्टनले लागते का ते पायाले त्यानं पोट्ट्याईची खेळाची क्ले पिस्टनवर चिकटवली, हेड कसून हातानंच क्रँक फिरवला, परत खोलून चेपलेली क्ले ब्लेडनं कापून जाडी पायली. एवढं कोन करते आजकाल?

वाईट म्हणाल तर सांगतलेल्या तारखेले काम भेटन याची काही ग्यारंटी नाही, पेरणीच्या टायमाले ट्रॅक्टर पहिले, कारवाल्यानं बाकावर बसून चहा पेवा. होनिंग (सिलिंडर आतून बारीक घासणं) झकास करते पण ब्लॉक धुवून देत नाही, घरी साबणाच्या पाण्यानं घासून धुवा नाहीतर ती बारीक भुकटी नव्या रिंगा खाऊन टाकते.

गाडी आता चौथ्या गिअरात चाळीसवरून उचलते, पहिले तिसरा टाका लागे. ॲव्हरेजमंधी म्हणावा तेवढा फरक नाही.

पाचपैकी चार. जाचं असन तर जून सोडून जा, अन् हेड गॅसकेट सोताचा घेऊन जा, त्याच्याकडे ट्रॅक्टरचेच असते.