वाहते वारे डोळ्यांनी पाहताना: ‘अर्थ’ या संवादी नकाशाचे परीक्षण

पाठ्यपुस्तकातील वाऱ्यांचे पट्टे बाणांनी रेखलेले आणि स्थिर असतात; कॅमेरॉन बेकारिओ यांनी २०१३ मध्ये सादर केलेल्या ‘अर्थ’ या संवादी नकाशात मात्र तेच वारे संगणकावर चालणाऱ्या हवामान प्रारूपाच्या आकडेवारीनुसार पृथ्वीगोलावर वाहताना दिसतात. गोल फिरवून दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अक्षांशांच्या दरम्यान नेला, की जमिनीचा फारसा अडथळा नसल्याने पश्चिमी वारे किती अखंड धावतात हे लगेच उमगते, आणि तेथील आवर्ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तर उत्तर गोलार्धातील त्याच्या उलट फिरताना पाहून कोरिऑलिस परिणाम, म्हणजे पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्यांची दिशा वळणे, कायमचा लक्षात राहतो. उंचीचा पर्याय बदलून २५० हेक्टोपास्कल इतक्या हवेच्या दाबाच्या पातळीवर, म्हणजे सुमारे १० किलोमीटर उंचीवर अवश्य जावे. तेथे जेट प्रवाहाची, म्हणजे उंचावरील अतिवेगवान वाऱ्यांच्या पट्ट्याची, नागमोडी वळणे दिसतात, आणि माझ्या मते या साधनाचे खरे मोल येथेच कळते. रंगसंगतीही संयत आहे. एक मर्यादा ध्यानात ठेवावी: येथे केवळ आडवे वारे दिसतात, त्यामुळे विषुववृत्ताजवळ वर चढणारी आणि ३० अंशांच्या आसपास खाली उतरणारी हवा, म्हणजेच हॅडली अभिसरणाचा उभा भाग, विषुववृत्ताकडे वाहणारे व्यापारी वारे कोठे एकत्र येतात यावरून पाहणाऱ्याने स्वतःच ताडावा लागतो.