१८-५५ की १७-५५? ब्राह्मी अक्षरांवर दोन लेन्सची परीक्षा

कॅननची १८-५५ एसटीएम, म्हणजे कॅमेऱ्याच्या खोक्यात येते ती साधी किट लेन्स, आणि तिच्या कित्येक पट किमतीची १७-५५ एफ २.८. (१८-५५, १७-५५ हे झूमचे मिलिमीटर, आकडा लहान तितकं दृश्य रुंद; एफ पुढचा आकडा अपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा, आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त.) दोन्ही लेन्स मी एकाच कॅमेऱ्याला, २४ मेगापिक्सेलच्या ७५० डीला, आलटून पालटून लावून पाहिल्या. निकाल आधीच सांगते. शिलालेख, मंदिराचा दगड, वाड्याच्या खांबावरचं कोरीवकाम असं जागचं न हलणारं काही टिपायचं असेल, तर निव्वळ शार्पनेससाठी किट लेन्स बदलू नका. दिवेलागणीनंतर माणसं टिपायची असतील तर मात्र किट लेन्स कमी पडते, आणि तिथे काटकसरीचा उपयोग नाही.

मी शाळेत इतिहास शिकवते. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखांचे फोटो काढून बारा बाय अठरा इंचांचे प्रिंट वर्गात लावते, म्हणजे मुलांना ब्राह्मी अक्षरं बोटाने गिरवता येतात. त्यामुळे शार्पनेसची माझी गरज फार नेमकी आहे. ब्राह्मीत अनुस्वार म्हणजे अक्षराशेजारचा एक ठिपका. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या या दगडावर झिजेचे, टवके उडाल्याचे खड्डेही तसेच दिसतात. फोटोत ठिपका आणि खड्डा वेगळा ओळखू आला पाहिजे. तो येत नसेल तर लेन्स कितीही नावाजलेली असो, माझ्या कामाची नाही.

१७-५५ मी भाड्याने आणली. दुकानातल्या दादांना विचारलं, "शार्पनेसमध्ये खरंच एवढा फरक पडतो का हो?"

"मॅडम, ही लावली की मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. लग्नात नवरीचा फोटो बघा एकदा काढून."

त्यांचं म्हणणं त्यांच्या धंद्यापुरतं बरोबरच आहे. पण मागचं वितळणं आणि पुढचं स्पष्ट दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरेदी करताना लोक त्या एकच समजतात, आणि एका गोष्टीसाठी दुसरीचे पैसे मोजतात.

आधी घरची चाचणी केली. 'देशदूत' वर्तमानपत्राची पानं भिंतीवर सपाट चिकटवली, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर ठेवला, लेन्सचं स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) बंद केलं, स्क्रीनवर मोठं करून फोकस केला आणि टायमरवर फोटो काढले. मग कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठं करून मधली आणि चारी कोपऱ्यांतली बारीक अक्षरं वाचून पाहिली. १८ मिमीला एफ ३.५ वर किट लेन्सचे कोपरे मऊ येतात, छोट्या जाहिरातींच्या अक्षरांना रंगीत कडा दिसतात आणि कडेच्या ओळी किंचित बाहेर फुगतात. मधला भाग मात्र तिथेही उत्तम. अपर्चर एफ ८ वर नेलं की कोपरेही सावरतात. १७-५५ मधोमध एफ २.८ लाच चांगली आहे आणि एफ ४ ला कोपरेही भरून येतात. पण दोन्हींचे एफ ८ चे फोटो शेजारी ठेवले, तर कोणता कुठल्या लेन्सचा हे मला फाइलचं नाव वाचूनच सांगता आलं. छापल्यावर तर विचारूच नका. अठरा इंचांवर ६,००० पिक्सेल म्हणजे इंचाला ३३३, आणि प्रिंट कुणी नाकाला लावून बघत नाही.

आणखी शार्प येईल म्हणून एफ १६, एफ २२ पर्यंत जाणारे बरेच असतात. तसं करू नका. छिद्र बारीक झालं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि प्रत्येक बिंदूची चकती होते. एफ ८ ला ती साधारण १०.७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एफ २२ ला २९.५ च्या घरात. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा. म्हणजे एफ २२ ला एक बिंदू आठ पिक्सेलभर पसरतो. हे भौतिकशास्त्र आहे, महागडी काच लावून ते टळत नाही. तिथे दोन्ही लेन्स सारख्याच मऊ होतात.

खरी परीक्षा लेण्यांत. पांडवलेणी त्रिरश्मी डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला आहेत, त्यामुळे ओसरीत ऊन थेट फारसं शिरत नाही. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख, तिचा नातू राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षातला. दहाव्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा, ओसरीच्या मागच्या भिंतीवर पार छताखाली. पुरातत्त्व खात्याच्या जागी परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही, म्हणजे कॅमेरा हातातच धरायचा. उजेड कमी आणि ट्रायपॉड नाही, म्हणजे एफ २.८ जिंकणार असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही.

पहिलं कारण स्टॅबिलायझर. किट लेन्सचा चार स्टॉपचा, १७-५५ चा तीन स्टॉपचा; दर स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येतं. महाग लेन्स २००६ ची आहे, किट २०१३ ची, आणि मधल्या वर्षांत हे तंत्र सुधारलं. शिलालेख हलत नाही, हलतो फक्त माझा हात, आणि तो सांभाळण्यात स्वस्त लेन्स एक पायरी पुढे आहे. खांबाला पाठ टेकून, श्वास रोखून, किट लेन्सवर शटर १/१५ सेकंद ठेवलं तरी अक्षरं स्वच्छ आली.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उषवदाताचा लेख उंचावर आहे, तेव्हा कॅमेरा वर कलवावाच लागतो. कलला की भिंत कॅमेऱ्याला समांतर राहत नाही. वरची ओळ लांब जाते, खालची जवळ येते. तीन मीटरवरून, ३५ मिमीला, एफ २.८ वर शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर खरंखुरं स्पष्ट असतं ते जेमतेम वीतभर खोलीचं. मधल्या ओळी लख्ख आणि वरखालच्या धूसर. सगळा लेख वाचायचा तर एफ ५.६ किंवा ८ वर यावंच लागतं, आणि तिथे आलं की महाग लेन्सचा जो मोठा गुण, त्याचा वापरच होत नाही.

ठिपका आणि खड्डा वेगळे दिसले ते दोन्ही लेन्सवर, आणि दोन्ही वेळेला उजेड बाजूने तिरका येत होता तेव्हाच. समोरून सपाट उजेड असला की कोरलेल्या रेघेत सावलीच पडत नाही. सिन्नरला गोंदेश्वरच्या शिखरावरही हाच अनुभव. सकाळच्या तिरक्या उन्हात किट लेन्सने टिपलेली नक्षी, भर दुपारी महाग लेन्सने टिपलेल्या नक्षीपेक्षा कितीतरी स्पष्ट. ज्यांना शार्पनेस हवा आहे त्यांनी आधी सकाळी लवकर उठावं, असं मी मनापासून सांगते.

आता नाशिकचंच गोदाकाठचं रामकुंड. संध्याकाळची आरती, हातातले दिवे, ओल्या पायऱ्यांवरून ये-जा करणारी माणसं. इथे स्टॅबिलायझरचा काही उपयोग नाही, कारण हलतायत ती माणसं. ५५ मिमीला किट लेन्सचं अपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही; १७-५५ तिथेही एफ २.८ देते, म्हणजे चौपट प्रकाश. किट लेन्सवर १/३० मिळत होतं तिथे १/१२५ मिळालं, त्याच आयएसओवर, म्हणजे सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा न बदलता. पहिल्यात पुजाऱ्यांचा हात पुसट, दुसऱ्यात बोटं मोजता येतात. आयएसओ चौपट वाढवून किट लेन्सवरही १/१२५ गाठता येतं, पण मग दाणे येतात आणि चेहऱ्यावरचा बारीक तपशील त्या दाण्यांत बुडतो. या एका कामासाठी १७-५५ ची किंमत मला शंभर टक्के पटते. संगीत, हळद, हॉलमधली लग्नं करणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. फोकसही हातात चांगला बसतो, लेन्सवर अंतराची पट्टी आहे, जी किट लेन्सवर नाही.

वजनाचं काय? २०५ ग्रॅम आणि ६४५ ग्रॅम. लेण्यांच्या पायऱ्या चढताना गळ्याला कळतं. फिल्टरही ५८ ऐवजी ७७ मिमीचा लागतो, तो वेगळा खर्च.

"मग ५० मिमी एफ १.८ घेऊ का?" असं विचारणारे बरेच भेटतात. चेहऱ्यांसाठी अवश्य घ्या, एफ ४ ला ती सुरेख शार्प आहे. पण ओसरीत मागे सरकायला जागा नसते आणि ५० मिमीत अर्धा लेखही मावत नाही. माझ्यासारखं काम असेल तर कॅननचीच २४ मिमी एफ २.८ पाहा. १२५ ग्रॅमची चपटी लेन्स आहे, तिला स्टॅबिलायझर नाही, पण भिंतीजवळ उभं राहून काम होतं. किट लेन्सनंतर पैसे घालायचेच असतील तर माझं मत हिच्या बाजूने आहे, १७-५५ च्या नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हींना लागू. एकाच मॉडेलच्या दोन लेन्स तंतोतंत सारख्या नसतात. आतली एखादी काच केसभर तिरकी बसली तरी एक बाजू कायम मऊ राहते. ओळखीच्या एका शिक्षकांच्या किट लेन्समध्ये डावा काठ एफ ८ लाही सुधारत नव्हता, आणि ते सगळ्याच किट लेन्सना नावं ठेवत होते. जुनी लेन्स घेत असाल तर पैसे देण्याआधी वर्तमानपत्राची चाचणी दुकानातच करा. चारी कोपरे सारखे मऊ असतील तर तो त्या लेन्सच्या रचनेचा स्वभाव, एफ ८ ला बराचसा जातो. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल तर ती लेन्स परत द्या, मग ती स्वस्त असो की महाग.